अर्धा गुण कुठे गेला?

हल्ली कुणाला काही भेट द्यायची सोय राहिलेली नाही. वस्तू हातात पडायच्या आत तिचे मार्क पोचलेले असतात. लालबागला राहणाऱ्या भाच्याच्या वाढदिवसाला मी एक व्हिडिओ गेम नेला. लॅमिंग्टन रोडवर घसा कोरडा होईपर्यंत घासाघीस करून घेतलेला. भाच्याने डबीवरचं नाव वाचलं, मोबाइल काढला, त्यावर अंगठा फिरवला आणि समाचाराला आल्यासारखा चेहरा करून म्हणाला,

"मामा, सेव्हन आहे रे हा."

"म्हणजे सातवा भाग का?"

"नाही रे. दहापैकी सात."

"अरे, मग फर्स्ट क्लास आहे की!"

त्यावर भाच्याने ताईकडे पाहिलं, ताईने माझ्याकडे आणि भावोजींनी पंख्याकडे. मग भाच्याने मला नीट समजावून सांगितलं. खेळण्यासारखे गेम नऊपासून सुरू होतात. आठ म्हणजे सेलमध्ये स्वस्तात मिळाला तर बघू. आणि सात म्हणजे... इथे तो जरा अडखळला, कारण केक अजून कापायचा होता आणि पाकीट माझ्या खिशात होतं. "सात म्हणजे, तू आणलास म्हणून ठेवतो."

मी ज्या काळात शाळेत गेलो त्या काळी पस्तिसाला पास होत आणि पास होणं ही बातमी असे. सत्तर टक्के मिळवणाऱ्याचं नाव चाळीच्या गणपतीत माइकवरून पुकारत आणि त्याला श्रीफळ देत. माझे गणिताचे मार्क पाहून वडील फक्त एवढंच म्हणाले होते, "पास आहेस ना? मग आकडा शेजारी सांगत बसू नकोस." अशा पार्श्वभूमीच्या माणसाला दहापैकी सात म्हणजे कचरा, हे पचायला वेळ लागतो.

पण नंतर मी डोळे उघडे ठेवून पाहिलं तर सगळीकडे तेच. गाण्याचा अल्बम असो, सिनेमा असो, गेम असो, दहाची पट्टी हल्ली सातापासून सुरू होते. एक ते सहा हे आकडे म्हणजे गिरगावातल्या खोल्यांचे माळे. आहेत सगळ्यांकडे, पण वर राहत कुणी नाही.

याची सुरुवात कुठे झाली ते शोधायला अमेरिकेत किंवा जपानात जायला नको. दहावीच्या निकालानंतर दादर स्टेशनच्या बाहेर उभं राहावं. क्लासवाल्यांच्या फलकांवर मुलांचे फोटो आणि खाली ९८.४०, ९७.८०, ९६.६०. ब्याण्णववाला मुलगा फलकाच्या कोपऱ्यात तिकिटाएवढा असतो आणि त्याची आई 'कुठे चुकलं हो याचं?' म्हणून क्लासच्या सरांना गाठत असते. २०१० साली आपल्याकडे 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं. सहा विषयांपैकी ज्या पाचांत जास्त गुण तेवढेच धरायचे. मग २०१७ च्या निकालात खेळाच्या जोडीला शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, लोककला आणि चित्रकलेचे वाढीव गुण आले. भूप आला की भूगोल थोडा हुकला तरी चालेल, अशी सोय झाली. त्या वर्षी पूर्ण शंभर टक्के मिळवणारी मुलं राज्यात शंभराहून जास्त निघाली. ज्या राज्यात शंभर टक्केसुद्धा एकट्याला मिळत नाहीत, तिथे एखाद्या बिचाऱ्या गेमने सत्तरावर अभिमान बाळगायचा तरी कसा?

आमच्या वेळी गेमचं परीक्षण रांग करायची. गल्लीतल्या पार्लरमध्ये, म्हणजे पानवाल्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, दोन मशिनं होती. एका मशिनवर 'मुस्तफा' होता. या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', हे मला चाळिशी लागल्यावर कळलं. त्यातल्या एका पात्राच्या नावावरून सगळी मुंबई त्याला मुस्तफा म्हणत होती. पडद्याखालच्या पट्टीवर पोरं आपापला रुपया ओळीने मांडून ठेवायची. ओळ लांब असेल तो गेम चांगला. दुसऱ्या मशिनवर कुणाचाच रुपया नसायचा, तो वाईट. कुणाला दशांश चिन्हाची गरज पडली नाही.

आकड्यांवर आमचा विश्वास नव्हता असं मात्र नाही. उलट फारच होता. घरच्या टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटवर '९९९९९९ इन १' असं छापलेलं असायचं. दहा लाखांना एक कमी! आत निघायचे मोजके गेम, पुन्हा पुन्हा. पहिला मारिओ, मग दुसऱ्या पातळीपासून सुरू होणारा मारिओ, मग टोपीचा रंग बदललेला मारिओ. चाळीतल्या एका अभ्यासू मुलाने मे महिन्याच्या सुट्टीत सगळे मोजून काढायचं मनावर घेतलं. शंभराच्या पुढे कुठेतरी त्याचा डोळा लागला. पण तक्रार कुणी केली नाही. दुकानदाराकडे '४२ इन १' अशी दुसरी कॅसेट होती आणि तिच्यात बेचाळीस गेम खरोखर होते. ती कुणी घेतली नाही.

भाच्याच्या जगातली व्यवस्था फार शिस्तीची आहे. त्याने मला ती एका रविवारी शिकवली. 'मेटाक्रिटिक' नावाचा एक हिशेबनीस २००१ पासून जगभरच्या समीक्षकांचे मार्क गोळा करतो, त्यांची सरासरी काढतो आणि तिला रंग देतो. गेमला पंचाहत्तर आणि वर मिळाले की हिरवा, पन्नास ते चौऱ्याहत्तर पिवळा, त्याखाली लाल. गंमत म्हणजे गाण्यांच्या अल्बमला एकसष्टलाच हिरवा मिळतो. म्हणजे सत्तर गुणांचं गाणं हिरवं आणि सत्तर गुणांचा गेम पिवळा.

"मग मी आणलेला पिवळा का?" मी विचारलं.

"हो."

"लालबागच्या सिग्नलला पिवळा म्हणजे जोरात काढ असा अर्थ होतो."

"मामा, प्लीज."

हे प्रकरण वाटतं तितकं पोरकट नाही. २०१० साली 'फॉलआऊट: न्यू व्हेगास' नावाचा गेम आला. तो बनवणाऱ्या स्टुडिओला मेटाक्रिटिकवर पंचाऐंशी मिळाले तर बोनस मिळणार होता. मिळाले चौऱ्याऐंशी. अकरावीच्या प्रवेशयादीत एका मार्काने कॉलेज हुकलेल्या कुठल्याही मुंबईकराला ही गोष्ट सांगावी. तो उठून त्या स्टुडिओच्या गळ्यात पडेल. आणि २०१३ साली 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' या गेमला एका समीक्षक बाईंनी दहापैकी नऊ दिले, चांगलं भरभरून लिहिलं. तर त्यांना कामावरून काढा म्हणून हजारो लोकांनी अर्जावर सह्या ठोकल्या. दहा का नाहीत? वर परीक्षण आलं तेव्हा गेम दुकानात यायचा होता. म्हणजे सही करणाऱ्यांतल्या कित्येकांनी तो खेळलेलाही नसणार. पेपर लिहायच्या आधीच फेरतपासणीचा अर्ज, असा हा मामला.

जपानी लोक या बाबतीत शहाणे. तिथल्या 'फामित्सू' साप्ताहिकात एका गेमला चार जण प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि एकूण चाळीसपैकी बेरीज छापतात. शिव्या चौघांत वाटल्या जातात. चाळीसपैकी चाळीस पहिल्यांदा मिळाले ते १९९८ साली, 'झेल्डा'च्या 'ऑकारिना ऑफ टाइम'ला. तोवर इतकी वर्षं तिथल्या पालकांनी कसा दम धरला असेल कोण जाणे.

माझा समज असा होता की गेम हा पोरांचा प्रांत आहे, तिथे असा वेडेपणा चालायचाच. गाण्यात तरी मंडळी कानाने ऐकत असतील. पण दादरला माझा एक मित्र आहे. त्याच्याकडे उंची स्पीकर आहेत, ते ठेवायला त्याने बाल्कनीतली तुळस हलवली आहे. अमेरिकेतलं 'पिचफोर्क' प्रत्येक अल्बमला शून्य ते दहा गुण देतं आणि तेही दशांशात. हा मित्र ८.० च्या खालचं संगीत घरात वाजू देत नाही. एकदा त्याने मला समोर बसवून एकापाठोपाठ एक अशी दोन गाणी ऐकवली आणि विचारलं,

"फरक कळला?"

"दुसऱ्यात ड्रम जास्त आहेत."

"अरे, पहिला ८.२ आहे, दुसरा ८.३. ती उंची जाणवत नाही?"

मला जाणवत होतं ते एवढंच, की आत कुकर बऱ्याच शिट्या करून थकला आहे आणि आमटी लागल्याचा वास येतो आहे. एक दशांशाचा फरक टिपणाऱ्या त्या कानांना कुकर ऐकू आला नव्हता. कुकरला कुणी मार्क दिलेले नसतात, हे त्याचं कारण असावं.

हा रोग आजचा आहे असंही नाही. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि त्यांनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांना मनोमन शून्य मार्क दिले. आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी या शून्याचा अर्थ काय लावला? रेडिओचा काटा फिरवून सिलोनवर नेला. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि पुढे गाण्यांना पायऱ्या लागल्या. आमचे वडील सांगत, बुधवारी रात्री चाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं तरी एक ओळ चुकत नसे. पण भांडणं गाण्यावरून होत नसत, पायदानावरून होत. आपलं गाणं चौथ्यावरून सातव्यावर घसरलं की पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ आठवडाभर कुणाशी बोलत नसत. गाणं तेच, आवाज तोच, चालही तीच. फक्त तीन पायऱ्या खाली बसलं, तर ह्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

पुढे झी मराठीवर 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' आलं. त्यात गुण सुरांतच देत, आणि अगदीच देवाघरचं गाणं झालं तर 'वरचा सा'. कल्पना सुंदर. आता आकड्यांची कटकट मिटली, असं मला वाटलं. पण आमच्या घरी 'ध' आला की शोककळा पसरायची. सात सुरांत ध सहावा. टक्केवारी काढली तर पंचाऐंशीच्या वर जाते. पण माझी आई कपाळाला हात लावून म्हणायची, "अगं बाई, पोरीला ध दिला मेल्यांनी!" आणि 'नी' मिळाला तर "नीच दिला ना शेवटी," म्हणून हळहळायची. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी गायकवाड जिंकली त्या रात्री आमच्या चाळीचे दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, बरोबर झालं. दुसऱ्या तटाचं म्हणणं, आमच्या एसेमेसचे पैसे कापले गेले पण एसेमेस पोचलेच नाहीत. गाणी कोणती झाली, हे दोन्ही तटांना दुसऱ्या दिवशी आठवत नव्हतं.

यावरून मी एक निष्कर्ष काढला आहे. माणूस मार्क पाहून मत बनवत नाही. मत आधीच शिजलेलं असतं. वर फोडणी हवी म्हणून तो मार्क शोधतो. आकडा मनासारखा निघाला तर समीक्षक जाणकार, नाही निघाला तर विकला गेलेला. आमच्या तळमजल्यावरचे काका याचा आदर्श नमुना आहेत. ते वर्तमानपत्रातले सिनेमाचे तारे कधी चुकवत नाहीत. साडेतीन-चार तारे असले की म्हणतात, "म्हणजे मध्यंतरापर्यंत हिरो खिडकीतून बाहेर बघत बसणार." एक तारा दिसला की चपला घालतात. "एक दिलाय म्हणजे मारामारी नक्की." हा माणूस आयुष्यभर समीक्षा उलटी धरून वाचत आला आणि त्याचं एकही तिकीट वाया गेलेलं नाही. त्यांचा नाटकाचा हिशेब याहून सोपा. जाहिरातीत प्रयोगाचा क्रमांक बघायचा. "पाचशेवा प्रयोग म्हणजे चारशे नव्व्याण्णव वेळा लोकांनी खुर्च्या मोडल्या नाहीत." प्रशांत दामल्यांनी २०२२ साली षण्मुखानंदमध्ये आपला १२,५०० वा प्रयोग केला, तेव्हा काकांनी तो आकडा पाटीवर लिहून जिन्यात टांगला होता. त्याखाली 'पैकी' किती, ते लिहायची गरज त्यांना वाटली नाही.

खरं तर आमच्या घराण्यात मार्कांची परंपरा नाही. माझे आजोबा ऑपेरा हाऊसजवळच्या लक्ष्मीबागेत मैफली ऐकायला जात. परत आल्यावर आजी विचारायची, "कसं झालं गाणं?" आजोबा टोपी खुंटीला लावत म्हणायचे, "बरा गायला." हे दहापैकी दहा. "आवाज चांगला आहे," म्हणजे सहा. आवाजाखेरीज काही चांगलं नव्हतं. "तयारी आहे," म्हणजे पाच. गवयाने घाम गाळला आणि श्रोत्यांनीही. आणि "पेटीवाला छान होता," म्हणजे शून्य. त्या काळी केशवराव भोळे 'एकलव्य' या नावाने गवयांवर लिहीत. सविस्तर लिहीत आणि शेवटी आकडा नसे. गाणं चांगलं झालं की वाईट, हे कळण्यासाठी वाचकाला तो लेख अख्खा वाचावा लागे. केवढी ही गैरसोय!

हे सगळं मला नीट कळतं, असं मी चारचौघांत बोलत असे. त्यातून ओढवलं ते असं, की गेल्या गणपतीत आमच्या मंडळाच्या चिटणीसांनी मला बाल सुगम गायन स्पर्धेचा परीक्षक केलं. माझी पात्रता इतकीच, की मी मागे एका मासिकात कुमार गंधर्वांवर लेख लिहिला होता आणि चाळीत तो कुणी वाचला नव्हता. एरवी मला 'काय रे' म्हणणारे चिटणीस त्या दिवशी 'सर' म्हणाले, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"सर, एक विनंती. सातच्या खाली जाऊ नका. मुलांचं मन मोडतं आणि पालकांची वर्गणी."

"बरं."

"आणि नऊच्या वरही नको. मग बाकीचे विचारतात, तिच्यात असं काय आहे?"

म्हणजे सात आणि नऊच्या मध्ये तीसेक मुलं बसवायची होती. पिचफोर्कला दशांश चिन्ह का लागतं, ते मला त्या क्षणी समजलं. त्यामागे सौंदर्यदृष्टी वगैरे काही नाही. जागाच कमी आहे.

लाल प्लास्टिकची खुर्ची, पुढे टेबल, टेबलावर वेफर्सची बशी आणि गुणपत्रिका. रकाने आखलेले: सूर, ताल, शब्दोच्चार, सादरीकरण, एकूण आणि शेवटी जरा रुंद असा 'शेरा'. मी ठरवलं, आकडा देणं भाग आहे तर देऊ, पण खरी समीक्षा शेऱ्यात लिहू. आणि लिहिली. एका मुलीने अभंग म्हटला. तारसप्तकात जाताना तिचा आवाज फाटला, ती स्वतःशीच खुदकन हसली आणि तीच जागा पुन्हा घेऊन अशी पक्की धरली की तबलजीने वर पाहिलं. ते मी जसंच्या तसं लिहिलं. एका मुलाने डोळे गच्च मिटून भावगीत म्हटलं आणि संपल्यावरही ते उघडले नाहीत. त्याला हाताला धरून खाली आणावं लागलं. तेही लिहिलं. एकाला तालापेक्षा मोदकाच्या ताटाची ओढ जास्त होती, ते जरा सौम्य शब्दांत लिहिलं. वेफर्स मऊ पडले, पण मी एकही शेरा रिकामा सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी निकाल फलकावर लागला. मी ऐटीत बघायला गेलो, तर शेऱ्याचा रकाना गायब. चिटणीसांनी तो कात्रीने सरळ रेषेत कापून टाकला होता.

"काचेच्या फ्रेममध्ये मावत नव्हतं, सर. नाही तरी ते कोण वाचतं?"

कापलेल्या पट्ट्या कुठे गेल्या ते संध्याकाळी कळलं. सत्यनारायणाच्या चौरंगाचा एक पाय डुगडुगत होता. माझी सगळी समीक्षा दुमडून त्याच्याखाली सारली होती. पूजा मात्र अगदी स्थिर झाली.

फलकासमोर गर्दी होती आणि मी पळायच्या आत तिने मला गाठलं.

"सर, पहिलीला नऊ, आमच्या चिरंजिवाला साडेआठ. मधला अर्धा गुण कुठे गेला?"

"सूर जरासा—"

"जरासा म्हणजे किती?"

एक बाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्या मुलीला ८.३ दिलेत. आम्ही तुमच्याकडे गौरीच्या हळदीकुंकवाला आलो नाही, ते लागलं का हो मनाला?" पहिल्या आलेल्या मुलीचे वडील सगळ्यांत नाराज. "नऊच का? दहा कुणासाठी राखून ठेवलेत?" तळमजल्यावरच्या काकांच्या नातवाला ७.१ होते, म्हणजे शेवटून दुसरा. काका एकटेच खूश. "सातच्या वर पॉइंट एक आहे. बढती आहे!" आणि एक चिमुरडा बराच वेळ माझ्या शर्टाचं टोक ओढत होता. मी वाकलो. त्याने खासगीत विचारलं, "काका, मी सात वर्षांचा आहे म्हणून मला सात का?" जमलेल्या सगळ्यांत आकड्याचा काही तर्कशुद्ध अर्थ लावला तो त्याने.

यंदा मी चिटणीसांना साफ सांगितलं, आकडे बंद. नुसते शब्द. 'उत्तम', 'छान' आणि 'शाबास'. कुणाला काही कमी नाही, जास्त नाही. चिटणीस मान डोलावून गेले. मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, की हा प्रयोग मोठ्या जागी होऊन चुकला आहे. इंग्लंडच्या 'युरोगेमर'ने २०१५ साली गेमना गुण देणं बंद करून 'आवर्जून खेळा', 'खेळा', 'टाळा' अशा अर्थाचे शब्द सुरू केले होते. २०२३ साली त्यांनी मुकाट्याने पाच ताऱ्यांची पद्धत सुरू केली. त्यांना आठ वर्षं लागली. आमच्या चाळीला आरतीपर्यंतचाही वेळ लागला नाही. चाळीच्या ग्रुपवर कुणीतरी तक्ता टाकला: उत्तम म्हणजे ९.५, छान म्हणजे ८, शाबास म्हणजे ७. त्यावर दुसऱ्याची दुरुस्ती आली, की सरांनी 'छान' म्हणताना मान हलवली असेल तर ८.५ धरावेत. तिसऱ्याने माझा व्हिडिओ टाकला, त्यात मी एका मुलीला 'छान' म्हणताना मान हलवतो आहे असं वाटतं, पण प्रत्यक्षात मी डास हाकलत होतो. त्या डासावर ती मुलगी दुसरी आली.

रात्री महाप्रसादाची पंगत बसली. मी मुद्दाम कोपऱ्यातलं पान धरलं. या वेळी मसालेभात करण्याचं काम चिटणीसांच्या थोरल्या भावाकडे होतं आणि पंचा खांद्यावर टाकून तेच जातीने वाढत होते. माझ्या पानाशी येऊन थबकले.

"कसा झालाय भात, सर?"

"छान!" मी मनापासून म्हणालो. खरोखरच छान झाला होता. तोंडल्याच्या फोडी अख्ख्या होत्या, काजू सढळ होते, वर तूप होतं.

त्यांनी हातातली पळी तशीच वर धरली.

"छान म्हणजे किती?"

आजूबाजूची पानं जेवायची थांबली. पलीकडे चिटणीस कान देऊन उभे होते. मी आजोबांचं स्मरण केलं, गुणांची पट्टी सातापासून सुरू होते हे विसरलो आणि आमच्या वेळच्या हिशेबाने भरघोस वाटतील असे मार्क दिले.

"साडेसात!"

पळी पातेल्यात परत गेली. त्या रात्री मठ्ठा माझ्या पानापर्यंत आला नाही आणि जिलबी शेजारच्या पानावरून थेट पलीकडच्या पानावर गेली.